स्वतःबद्दल सतत कमीपणा वाटतो, त्यासाठी ऑनलाइन थेरपिस्ट कसा शोधायचा

पहिल्या थेरपिस्टसोबत मी सात सेशन केले आणि सातही वेळा कॉल संपताना "हो, बरं वाटतंय आता" असं म्हणून ठेवून दिलं. बरं काहीच वाटत नव्हतं. त्या बऱ्याचदा दहा-दहा मिनिटं उशिरा यायच्या, मी बोलत असताना मधेच काहीतरी टाइप करायच्या, कीबोर्डचा टकटक आवाज मला इअरफोनमध्ये स्पष्ट यायचा, आणि माझ्या डोक्यात काय चालायचं तर माझंच बोलणं कंटाळवाणं असेल, त्यांच्याकडे माझ्यापेक्षा खऱ्या अडचणीतली माणसं येत असतील, आपण कशाला तक्रार करायची. ज्या गोष्टीसाठी मदत मागायला गेले होते तीच गोष्ट मला तिथून उठू देत नव्हती, हे कळायला फार वेळ लागला.

हे आधीच सांगतेय कारण थेरपिस्ट कसा निवडावा याची माहिती भरपूर मिळते, पण ती ज्याला बिनधास्त चार प्रश्न विचारता येतात, पटलं नाही तर नको म्हणता येतं अशा माणसाला डोळ्यासमोर ठेवून लिहिलेली असते. आपलं नेमकं तिथेच अडतं ना. म्हणून खाली प्रत्येक स्टेपला काय करायचं ते तर सांगतेच, पण आपलं मन तिथे कुठे पाय ओढतं तेही सांगते.

त्याआधी एक महत्त्वाचं. जीव नकोसा झालाय, स्वतःला इजा करावीशी वाटतेय असं काही चालू असेल तर थेरपिस्ट शोधत बसू नका, ते नंतर. आत्ता तुमच्या भागातल्या इमर्जन्सी नंबरला किंवा हेल्पलाइनला फोन करा, जवळच्या हॉस्पिटलमध्ये जा, आणि घरातल्या किंवा ओळखीतल्या एका तरी माणसाला सांगा. बिफ्रेंडर्स वर्ल्डवाइड नावाचं हेल्पलाइनांचं जाळं बऱ्याच देशांत आहे, त्यांच्या साइटवर जवळची हेल्पलाइन शोधता येते. "माझं एवढंही काही सीरियस नाहीये" असा विचार येईल, तो बाजूला ठेवून फोन करा.

स्टेप 1: आधी कागदावर लिहा की नेमकं कुठे दुखतंय

"माझा सेल्फ-एस्टीम लो आहे", म्हणजे माझ्याच नजरेत माझी किंमत कमी आहे, एवढ्यावर थेरपिस्टला फार काही कळत नाही, तुम्हालाही नाही. कमी सेल्फ-एस्टीम हा स्वतंत्र आजार म्हणून निदानाच्या यादीत नाहीये. तो डिप्रेशनमध्ये असतो, सोशल अँक्झायटीत असतो, खाण्याच्या विकारांमध्ये असतो, आणि कधीकधी यातलं काहीही नसताना नुसता लहानपणापासून चिकटलेला असतो. बऱ्याच दिवसांच्या हलक्या डिप्रेशनच्या अधिकृत लक्षणांमध्ये तर तो चक्क नावानिशी आहे. म्हणजे एकाच तक्रारीमागे वेगवेगळी कारणं असू शकतात, आणि कारणाप्रमाणे उपाय बदलतो.

मग लिहायचं काय? गेल्या दोन आठवड्यातले तीन खरे प्रसंग. मोठं काही नको. माझा एक असा होता: ग्रुपवर मी एक मेसेज टाकला, कोणी रिप्लाय दिला नाही, वीस मिनिटांनी मी तो डिलीट केला आणि रात्रभर विचार करत राहिले की सगळ्यांनी वाचला असेल का. एवढंच. असा एक प्रसंग "मला कॉन्फिडन्स नाही" या वाक्यापेक्षा शंभरपट कामाचा असतो, कारण त्यात काय झालं, मनात काय आलं आणि मी काय केलं हे तिन्ही आहे.

आकडा हवा असेल तर रोझेनबर्ग स्केल म्हणून एक प्रश्नावली आहे, मॉरिस रोझेनबर्ग या अमेरिकन समाजशास्त्रज्ञाने 1965 मध्ये आणली, 10 वाक्यं आहेत, पाच सरळ आणि पाच उलट्या अर्थाची, प्रत्येकाला किती सहमत ते सांगायचं. पाच मिनिटांचं काम आहे. पण त्या स्कोअरवरून स्वतःला लेबल लावू नका हं, त्याचा खरा उपयोग एवढाच की आत्ता एकदा आणि तीन महिन्यांनी एकदा भरली तर काही हललंय का ते दिसतं.

इथे मन म्हणणार, "हे काय लिहायचं, किती फालतू आहे." त्या वाक्यासकट लिहा. तेही थेरपिस्टला दाखवण्यासारखंच आहे.

स्टेप 2: कोणाकडे जायचंय ते समजून घ्या

नावांचा इथे खूप गोंधळ असतो. सायकिॲट्रिस्ट म्हणजे मानसोपचारतज्ज्ञ, हे एमबीबीएससारखं मेडिकलचं शिक्षण घेतलेले डॉक्टर असतात, औषधं लिहून देऊ शकतात. क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट म्हणजे मानसशास्त्रात वरचं शिक्षण आणि प्रत्यक्ष पेशंटसोबतचं ट्रेनिंग झालेले, टेस्ट घेतात, थेरपी देतात. काउन्सेलर किंवा समुपदेशक यांचं शिक्षण देशानुसार आणि कोर्सनुसार खूप वेगवेगळं असतं, काही फार उत्तम असतात. आणि कोच. लाइफ कोच, माइंडसेट कोच, कॉन्फिडन्स कोच असं स्वतःला म्हणवून घ्यायला बहुतेक ठिकाणी कुठलंच लायसन्स लागत नाही, आणि आपला विषय कॉन्फिडन्सचा म्हटल्यावर सर्चमध्ये सगळ्यात वर हेच दिसतात. त्यात चांगली माणसंही असतील, पण जुनी जखम उघडायची असेल तर ती बांधता येणारं माणूस समोर हवं, असं माझं स्पष्ट मत आहे.

झोप उडालीये, भूक गेलीये, सकाळी उठवत नाही, कशातच रस नाही असं आठवडेच्या आठवडे चाललं असेल तर आधी सायकिॲट्रिस्टला किंवा निदान तुमच्या नेहमीच्या डॉक्टरांना दाखवा. कमीपणाच्या भावनेवर थेट गोळी नसते, पण खाली डिप्रेशन असेल तर त्यावर असते, आणि ते थोडं उतरलं की थेरपीत बोलायलाही अंगात बळ येतं.

चॅटबॉटबद्दल हल्ली सगळेच विचारतात. 1966 मध्ये एमआयटीतल्या जोसेफ वायझेनबॉमने एलायझा नावाचा एक साधा प्रोग्राम लिहिला होता, तो माणसाचंच वाक्य फिरवून प्रश्न म्हणून परत विचारायचा, आणि लोक त्याच्याशी मन मोकळं करायला लागले, ते बघून वायझेनबॉम स्वतःच अस्वस्थ झाला. मोकळं होण्यासाठी रात्री दोन वाजता बॉटशी बोललात तर मी काही म्हणणार नाही, पण सेल्फ-एस्टीमचा प्रश्न मुळात दुसऱ्या माणसासमोर असताना आपण किती लहान होतो हा आहे, तो दुसऱ्या माणसासमोरच सुटतो.

स्टेप 3: शोधायचं कुठे, आणि किती

चार वाटा आहेत. एक, तुमच्या देशातल्या किंवा राज्यातल्या व्यावसायिक संघटनेची नाहीतर लायसन्स देणाऱ्या मंडळाची यादी, दिसायला कंटाळवाणी पण सगळ्यात भरवशाची. दोन, थेरपिस्टांच्या डिरेक्टरी साइट, तिथे विषय, भाषा, ऑनलाइन वगैरे फिल्टर लावता येतात. तीन, ॲप आणि सबस्क्रिप्शनवाल्या कंपन्या, तिथे ते तुमच्यासाठी थेरपिस्ट "मॅच" करून देतात. चार, ओळखीतून, म्हणजे डॉक्टर, कॉलेजचा किंवा ऑफिसचा काउन्सेलिंग विभाग, किंवा थेरपी घेतलेलं मित्रमंडळातलं कोणी. फक्त ज्या माणसाबद्दल तुम्हाला थेरपीत खूप बोलायचंय त्याच माणसाच्या थेरपिस्टकडे जाऊ नका.

मॅच करून देणाऱ्यांकडे आपल्यासारखे लोक पटकन वळतात कारण निवडायची जबाबदारी टळते. चालेल, पण थेरपिस्ट बदलून मिळतो का, किती वेळा, हे पैसे भरायच्या आधी वाचा.

नावं किती काढायची? तीन ते पाच. एकच काढलं तर तो माणूस देव वाटायला लागतो, आणि वीस काढली तर महिनाभर नुसत्या प्रोफाइल वाचत बसाल, मी बसले होते, एक्सेल शीट केली होती रंगबिरंगी आणि मेसेज एकालाही नव्हता केला.

भाषेचं इथे मुद्दाम सांगते. इंग्रजी उत्तम येत असलं तरी एकदा थांबून विचार करा की तुमच्या डोक्यातला तो टोचणारा आवाज कुठल्या भाषेत बोलतो. माझा मराठीत बोलतो. "तुला काही जमायचं नाही", "शहाणपणा करू नकोस", "लोक काय म्हणतील". हे इंग्रजीत सांगताना मी त्याचं नीटनेटकं भाषांतर करायचे आणि भाषांतरात त्यातला सगळा डंख निघून जायचा, थेरपिस्टला वाटायचं ठीकच आहे की. मराठीत बोलायला लागले तेव्हा तिसऱ्याच वाक्याला रडू आलं. ऑनलाइनचा सगळ्यात मोठा फायदा मला हाच वाटतो, की आपल्या भाषेचा थेरपिस्ट शेजारच्या गल्लीत असायची गरज उरत नाही.

पण एक मेख आहे. बऱ्याच देशांत आणि अमेरिकेत तर राज्यागणिक, सेशनच्या वेळी तुम्ही जिथे बसलेले असता तिथलं लायसन्स थेरपिस्टकडे असावं लागतं. तुम्ही एका देशात, थेरपिस्ट दुसऱ्या देशात असं असेल तर "मी अमुक ठिकाणी राहते, तुम्हाला तिथल्या लोकांना सेशन देता येतात का" हे पहिल्याच मेसेजमध्ये विचारून टाका.

स्टेप 4: लायसन्स बघा, यात अपमान कोणाचा होत नाही

पूर्ण नाव, डिग्री, रजिस्ट्रेशन नंबर. हे तीन मिळाले की मंडळाच्या साइटवर टाकून बघायचं. प्रोफाइलवर नंबर नसेल तर विचारायचा. चांगला थेरपिस्ट एका मिनिटात देतो, त्याला हे रोजचं आहे. जो "तुमचा विश्वास नाही का" म्हणून फुगतो तिथून निघायचं.

स्टेप 5: पहिला मेसेज

इथे लोक अडकतात ते महिनोन् महिने. आठ ओळींचा मेसेज चार वेळा लिहून खोडतात, मग वाटतं आपण जास्तच बोलतोय, मग राहूनच जातं. तर हा घ्या, असाच्या असा कॉपी करा:

"नमस्कार, मी सेल्फ-एस्टीमसाठी ऑनलाइन थेरपी शोधतेय. मला दुसऱ्यांना नाही म्हणणं जमत नाही आणि छोट्या चुकांवरून खूप दिवस स्वतःला बोल लावत राहते. या विषयावर तुम्ही काम करता का? सध्या नवीन क्लायंट घेताय का? फी, सेशन किती मिनिटांचं आणि कॅन्सलेशनचा नियम काय ते कळवाल का? आधी 10-15 मिनिटांचा ओळखीचा कॉल होऊ शकतो का?"

बास. यात "सॉरी तुम्हाला त्रास देतेय" नाहीये ते बघितलंत ना, ते घालू नका. आणि मेसेज एकाच दिवशी तिघांनाही पाठवा. एकाचं उत्तर आलं नाही की आपण लगेच अर्थ काढतो की त्यांनाही आपण नकोच आहोत, खरं म्हणजे त्यांची वेळ भरलेली असते किंवा मेल स्पॅममध्ये गेलेला असतो. तिघांना पाठवलं की एकाच्या गप्प बसण्याचं ओझं कमी होतं.

स्टेप 6: ओळखीचा कॉल

सगळे थेरपिस्ट हा देत नाहीत, काही त्याचे पैसे घेतात, तेही चालतं. कॉलवर प्रश्न कागदावर लिहून समोर ठेवा आणि सरळ सांगा की मी लिहून आणलेत, वाचून विचारते. मी हे विचारते:

सेल्फ-एस्टीमवर तुम्ही कसं काम करता, कुठली पद्धत वापरता? फरक पडतोय हे आपल्याला कशावरून कळेल? मी एखादी गोष्ट पटली नाही तरी हो म्हणणारी आहे, ते तुम्ही कसं हाताळाल?

तिसरा प्रश्न माझा स्वतःचा आहे आणि मला तो सगळ्यात जास्त उपयोगी पडला. एकाने त्यावर सांगितलं, "काळजी करू नका, मी आहे ना." ऐकायला गोड. दुसऱ्या बाईंनी क्षणभर थांबून विचारलं, "आत्ता या कॉलवर असं काही झालंय का, की मी काहीतरी बोलले आणि तुम्ही उगाच हो म्हणालात?" झालं होतं. त्यांनी मंगळवारची वेळ सुचवली होती, मला मंगळवारी जमणारच नव्हतं आणि मी "चालेल" म्हणून मोकळी झाले होते. मी त्यांनाच निवडलं.

पद्धतींची नावं कानावर पडतील म्हणून थोडक्यात. सीबीटी, म्हणजे कॉग्निटिव्ह बिहेवियरल थेरपी, अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञ ॲरन बेक यांनी 1960 च्या दशकात मांडली, यात आपोआप येणारे विचार पकडायचे, तपासायचे आणि प्रत्यक्ष करून बघायचं असं आखीव काम असतं, साधारण 12 ते 20 सेशनमध्ये दिशा दिसते. कमी सेल्फ-एस्टीमसाठी याच चौकटीत मेलनी फेनेल यांनी 1997 मध्ये एक मांडणी केली, ती मला फारच पटली. त्यांचं म्हणणं असं की लहानपणच्या अनुभवांतून मनाच्या तळाशी स्वतःबद्दल एक निकाल बसतो, समजा "मी कोणाला नकोशी आहे", मग तो उघडा पडू नये म्हणून आपण नियम करतो, "कोणाला दुखवायचं नाही", "चूक दिसता कामा नये", आणि आयुष्यभर ते नियम पाळत राहतो. नियम पाळला जातोय तोवर बरं चालतं. एक दिवस कोणीतरी नाराज होतं आणि तळाचा निकाल भसकन वर येतो. माझा डिलीट केलेला मेसेज आठवा.

स्वतःला शिव्या घालण्याचं, लाज वाटण्याचं प्रमाण फार असेल तर पॉल गिल्बर्ट यांची करुणेवर आधारलेली थेरपी असते, सीएफटी म्हणतात. ज्यांना डोक्याने सगळं पटतं पण आत काही हलत नाही त्यांना ती चांगली लागू पडते असं बरेच थेरपिस्ट सांगतात. जुने, बालपणापासूनचे पॅटर्न असतील तर जेफ्री यंग यांची स्कीमा थेरपी. आणि कार्ल रॉजर्स यांच्या परंपरेतले थेरपिस्ट असतात, त्यांचा भर तुम्ही जसे आहात तसे बिनशर्त स्वीकारण्यावर. यातलं कुठलं बेस्ट हे ठरवायला तुम्ही बसू नका, ते काम तुमचं नाही. थेरपिस्टला आपली पद्धत साध्या शब्दांत समजावून सांगता येते का, एवढंच बघा.

आणि हे दिसलं तर पुढे जाऊच नका: "पाच सेशनमध्ये कॉन्फिडन्स गॅरंटी", अर्धा वेळ स्वतःच्याच गोष्टी, आजच दहा सेशनचं पॅकेज घ्या म्हणून घाई, तुमच्या दिसण्यावर शेरे, सोशल मीडियावर दोस्ती. थेरपिस्टकडून प्रेमाचं किंवा शारीरिक जवळिकीचं कुठलंही बोलणं हे कायम चूकच, तुम्हाला ते छान वाटलं असलं तरी. सतत कोणी नाकारलेल्या माणसाला अशी जवळीक सुरुवातीला छानच वाटते, म्हणून सांगतेय.

पैसे आणि प्रायव्हसी, दोन्ही आधीच

फीबद्दल बोलायची लाज वाटते, पण न बोलता तीन महिने ओढाताण करून मग गायब होण्यापेक्षा पहिल्याच कॉलला विचारलेलं बरं. उत्पन्न बघून कमी फी घेणारे असतात, त्याला स्लायडिंग स्केल म्हणतात. ट्रेनी थेरपिस्ट सीनिअरच्या देखरेखीखाली कमी फीत सेशन देतात, आणि त्यांची तयारी कधीकधी सीनिअरांपेक्षा जास्त असते. दर आठवड्याला परवडत नसेल तर पंधरा दिवसांनी चालेल का हेही विचारता येतं. कॅन्सल करायचं तर बहुतेक ठिकाणी 24 किंवा 48 तास आधी सांगावं लागतं नाहीतर पूर्ण फी जाते.

प्रायव्हसी मात्र वरवर घेऊ नका. 2023 मध्ये अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने एका मोठ्या ऑनलाइन थेरपी कंपनीला 78 लाख डॉलर भरायला लावले, आरोप असा की साइन-अप करताना लोकांनी विश्वासाने दिलेली माहिती, ईमेलसकट, जाहिरातींसाठी फेसबुक, स्नॅपचॅटसारख्या कंपन्यांना दिली गेली. म्हणजे तुम्ही फॉर्ममध्ये "आधी थेरपी घेतली आहे का" याला हो म्हणता आणि ते कुठल्याकुठे पोचतं. त्यामुळे ॲप असेल तर वेगळा ईमेल वापरा, फेसबुकने लॉग-इन करू नका, थेरपिस्टशी नीट ओळख होईपर्यंत फॉर्ममध्ये गरजेपुरतंच लिहा. थेरपिस्टला विचारा की नोट्स कुठे ठेवता, सेशन रेकॉर्ड होतं का. तुमच्या परवानगीशिवाय रेकॉर्डिंग व्हायलाच नको.

गुप्ततेला अपवादही असतात ते पहिल्या सेशनला थेरपिस्टने स्वतःहून सांगायला हवेत: तुमच्या किंवा दुसऱ्या कोणाच्या जिवाला धोका, लहान मुलांवरचा अत्याचार, कोर्टाचा आदेश. नियम देशागणिक थोडे बदलतात. आणि दर वेळी "आत्ता तुम्ही कुठे आहात" असं विचारलं, एका नातेवाइकाचा नंबर मागितला तर दचकू नका, तुम्हाला काही झालं तर मदत नेमकी कुठे पाठवायची हे ऑनलाइन माणसाला दुसऱ्या कशावरून कळणार?

स्टेप 7: सेशनची जागा

व्हिडिओ, ऑडिओ की चॅट? डिप्रेशन आणि अँक्झायटीसाठी व्हिडिओवर केलेली सीबीटी समोरासमोर केलेल्या थेरपीच्या जवळपास तोडीची ठरते असं बऱ्याच अभ्यासांत दिसलंय, त्यामुळे शक्य असेल तर व्हिडिओ. चेहरा दाखवायची अजिबातच हिंमत होत नसेल तर ऑडिओने सुरू करा आणि थेरपिस्टला कारण सांगा. नुसत्या चॅटवर मला स्वतःला फार भरवसा नाही, आपण तिथे वाक्यं सजवत बसतो.

आणि व्हिडिओवर स्वतःचा चेहरा दिसणारी ती छोटी खिडकी पहिल्याच मिनिटाला बंद करा. बऱ्याच ॲपमध्ये हाइड सेल्फ व्ह्यू असं ऑप्शन असतं, नसेल तर स्क्रीनच्या त्या कोपऱ्यावर चिकटचिठ्ठी लावा. मी पहिले कित्येक सेशन माझी हनुवटी कशी दिसतेय तेच बघत घालवले. चिठ्ठी लावल्यावर पहिल्यांदा त्यांच्या चेहऱ्याकडे बघितलं आणि लक्षात आलं की त्या ऐकतायत, खरंच ऐकतायत.

घरात एकांत नसणं ही बहुतेकांची अडचण असते. पार्क केलेली गाडी, गच्ची, मैत्रिणीची खोली, घरचे बाहेर असतात ती वेळ, दाराबाहेर मोबाइलवर पावसाचा आवाज लावून ठेवणं, हे सगळं लोक करतात. इअरफोन लावा, म्हणजे निदान त्यांची बाजू कोणाला ऐकू जात नाही. नेट गेलं तर कोण कोणाला फोन करणार ते आधीच ठरवा, नाहीतर कॉल कट झाल्यावर आपल्याला वाटतं त्यांनीच ठेवला. सेशन 45-50 मिनिटांचं असतं, त्यानंतर लगेच मीटिंग ठेवू नका, पंधरा मिनिटं तरी मोकळी सोडा.

स्टेप 8: पहिले चार सेशन

पहिल्यात बहुतेक प्रश्नच असतात, घर, शिक्षण, झोप, आधीचे आजार, त्यामुळे "हे काय, काहीच झालं नाही" असं वाटतं. स्टेप 1 चा कागद तेव्हा वाचून दाखवा. दुसऱ्या-तिसऱ्या सेशनपर्यंत दोघांनी मिळून ध्येय ठरायला हवं, आणि ते दिसेल असं हवं. "कॉन्फिडंट व्हायचंय" याला काही माप नाही. "कोणी जास्तीचं काम दिलं तर महिन्यातून एकदा तरी नाही म्हणायचं" याला आहे.

काम कसं चालतं याचा एक नमुना देते. मला होमवर्क होता की दोन ओळखीच्या माणसांना छोटी मदत मागायची. आधी लिहायचं की काय होईल असं वाटतंय आणि किती खात्री आहे. मी लिहिलं, "वैतागतील, आणि नंतर माझ्याशी तुटक वागतील, 80 टक्के." मागितली. एकीने लगेच केली, दुसऱ्याने सांगितलं आज नाही जमणार, उद्या चालेल का. तुटक कोणीच वागलं नाही. हे सगळं लिहून सेशनला न्यायचं आणि त्यावर बोलायचं, मग पुढचा थोडा अवघड प्रयोग. थेरपिस्ट नुसतं "तुम्ही किती छान आहात" म्हणत राहिला तर संध्याकाळपर्यंत ते उतरतं, पण त्या 80 टक्क्यांचा आकडा माझ्याच अक्षरात माझ्यासमोर होता, तो खोटा ठरलेला मीच बघितला.

चार सेशननंतर तीन गोष्टी तपासा. एडवर्ड बोर्डिन यांनी 1979 मध्ये थेरपीतल्या नात्याचे हेच तीन भाग सांगितले होते: कुठे जायचंय यावर दोघांचं एकमत आहे का, त्यासाठी जे करतोय ते तुम्हाला पटतंय का, आणि माणूस म्हणून विश्वास वाटतो का. यात मी माझा चौथा प्रश्न जोडते, सेशन संपल्यावर मी स्वतःला आधीपेक्षा लहान वाटून घेते का? अवघड विषय निघाला म्हणून थकवा येणं, रडू येणं वेगळं. ते होणारच. पण प्रत्येक वेळी त्यांना खूश ठेवायची धडपड होत असेल, त्यांना आवडेल असंच सांगितलं जात असेल, तर हे बोलायला हवं.

आणि बोलायचं त्यांच्याशीच. "मागच्या वेळी तुम्ही विषय पटकन बदललात, ते मला लागलं." हे वाक्य मी आधी फोनमध्ये टाइप करून ठेवलं होतं, सेशनमध्ये वाचताना हात थरथरत होता, आणि समोरून उत्तर आलं, "बरं झालं सांगितलंत, मलाही नंतर वाटलं होतं की मी घाई केली." एवढं साधं. तोंडाने बोलवत नसेल तर सेशनच्या आधी मेसेज करा, किंवा पहिल्याच मिनिटाला म्हणा की आज एक अवघड गोष्ट सांगायचीये, मला पाच मिनिटं द्या. समोरच्याने ऐकून घेतलं, चूक असेल तर मानली, तर राहा. तुमच्यावरच उलटवलं तर राहू नका.

सोडायचं असेल तर

गायब होऊ नका, म्हणजे गायब झालात तरी आभाळ कोसळत नाही, पण मग ते अपराधीपण पुढच्या थेरपिस्टचा शोध सुरूच होऊ देत नाही, माझे त्यात आठ महिने गेले. दोन ओळी पुरतात: "आतापर्यंतच्या सेशनबद्दल धन्यवाद. मला वाटतं मला वेगळ्या पद्धतीच्या थेरपीची गरज आहे म्हणून मी इथे थांबते. पुढच्या तारखेचं बुकिंग कॅन्सल करावं ही विनंती." कारण द्यायलाच पाहिजे असं नाही. दुसरं कोणी सुचवाल का असं विचारलंत तर बहुतेक जण आनंदाने सुचवतात.

ऑटो-पे चालू असेल तर तो त्याच दिवशी बंद करा. आणि नवीन थेरपिस्टला पहिल्याच कॉलवर सांगा की आधीचं का थांबवलं, मला काय सांगता आलं नव्हतं आणि किती सेशन मी गप्प बसले होते. पुढच्या कामाची सुरुवात ते तिथूनच करतात.